आकडा लहान म्हणजे आजार कमी?

जगात २०२२ साली फुप्फुसाच्या कॅन्सरचे सुमारे २५ लाख नवे रुग्ण आणि १८ लाख मृत्यू, हा आकडा आपण पोस्टरवर आणि भाषणात वापरतो. सोबत देशांची क्रमवारी असते. युरोप-अमेरिका वर, आफ्रिका खाली. पण हे सगळे रुग्ण कोणी एकेक करून मोजलेले नाहीत. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था आहे, तिने बांधलेला हा अंदाज आहे. जिथे नोंदी आहेत तिथे त्या घेतल्या, जिथे नाहीत तिथे शेजारच्या देशांच्या दरावरून गणित मांडले.

नोंद कशी होते, यातच देशादेशांत फार अंतर आहे. नॉर्वेत १९५१ साली राष्ट्रीय नोंदणी सुरू झाली आणि रुग्णाची माहिती कळवणे डॉक्टरांना सक्तीचे झाले. पुढे प्रत्येक नागरिकाला ओळख क्रमांक मिळाला. त्यामुळे एक माणूस तीन दवाखान्यांत गेला तरी तो एकदाच मोजला जातो. जपानसारख्या श्रीमंत देशातही सर्व इस्पितळांना बांधणारा कायदा २०१६ साली अमलात आला. भारतात राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उभा राहिला. मुंबईची नोंदणी मात्र १९६० च्या दशकातली, देशात पहिली. आजही आपल्या नोंदण्या लोकसंख्येच्या लहानशा भागापुरत्याच आहेत. बहुतेक ठिकाणी नोंदणीचे कर्मचारी स्वतः इस्पितळे, पॅथॉलॉजी लॅब आणि मृत्यू नोंदणी कार्यालये पालथी घालतात, तेव्हा कुठे नावे मिळतात.

या कामात आम्हाला बार्शीचे उदाहरण सर्वांत मोलाचे वाटते. १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. खेड्यातला माणूस इस्पितळापर्यंत पोहोचतच नाही, मग इस्पितळाच्या कागदात तो सापडणार कसा? म्हणून कर्मचारी बार्शी, परांडा, भूम भागातल्या गावांत फिरू लागले. लक्षणे समजावून सांगायची, संशयित रुग्णाला तपासणीला न्यायचे. इथे मोजणे आणि उपचाराची वाट दाखवणे ही दोन कामे एकच झाली.

फुप्फुसाच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. स्तनातली गाठ हाताला लागते. खोकला आणि रक्त पडणे मात्र टीबीतही असते. टीबीची औषधे महिनोन् महिने चालतात, बायोप्सी होतच नाही आणि माणूस जातो. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहायला डॉक्टर हवा, पण २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी एक चतुर्थांशाहूनही कमी मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. अशा ठिकाणी दर कमी दिसला, तर त्यात आश्चर्य ते काय? (दोन देशांची तुलना करताना वयानुसार दुरुस्त केलेला दरच पाहावा. जपानमध्ये म्हातारी माणसे जास्त, त्यामुळे तिथला कच्चा दर फुगलेला दिसतो.)

मोजताना कोणता रकाना ठेवला, यालाही अर्थ असतो. अमेरिकेच्या १९७३ पासूनच्या सीर नोंदणीत वंश लिहिला जातो. म्हणूनच काळ्या पुरुषांत हा कॅन्सर गोऱ्यांपेक्षा जास्त आहे हे तिथले कार्यकर्ते आकड्यानिशी मांडू शकले. आपल्या राष्ट्रीय अहवालांतले तक्ते वय, लिंग, ठिकाण आणि अवयव यांनुसार असतात, जातीनुसार नसतात. गटारात, कचरा डेपोवर, दगडखाणीत आयुष्य गेलेल्या माणसांच्या फुप्फुसांचे काय झाले, हे त्या तक्त्यांतून वेगळे काढता येत नाही.

पुढच्या वेळी निवेदन लिहिण्याआधी २०२० चा राष्ट्रीय अहवाल उघडून पाहा. त्यात मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, बार्शी, उस्मानाबाद-बीड ही नावे मिळतील. गडचिरोली आणि नंदुरबार मिळणार नाहीत.