कूर्चेचा दाह: व्यायाम कधी, विश्रांती कधी?

कान लालभडक होऊन सुजतो, त्या कुशीवर झोपणं अशक्य होतं. डूल अडकवतो ती खालची मऊ पाळी मात्र शाबूत राहते, कारण तिथे कूर्चाच नसते. रिलॅप्सिंग पॉलिकॉन्ड्रायटिस या दुर्मीळ आजाराची ही ठळक खूण. यात शरीराची प्रतिकारशक्ती कान, नाक, बरगड्या, सांधे आणि श्वासनलिका यांतल्या कूर्चेवरच उलटते. वैद्यकात याची पहिली नोंद १९२३ची. आजचं नाव १९६०मध्ये रूढ झालं. आजार थोड्यांनाच होत असल्याने सल्ले बहुधा ऐकीव असतात.

गैरसमज: सांधे धरलेत, आता वाकडे होणारच.
वस्तुस्थिती: यातली सांधेदुखी बहुधा एका सांध्यातून दुसऱ्यात फिरते आणि सहसा हाडं कुरतडत नाही. पण दुखतंय म्हणून महिनोन्‌महिने न हलवलेला सांधा आखडतो, भोवतालचे स्नायू रोडावतात. हे नुकसान बरंचसं टाळता येतं.

गैरसमज: कूर्चा खराब होतेय, म्हणजे पूर्ण विश्रांतीच हवी.
वस्तुस्थिती: सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. हालचालीने ती स्पंजासारखी दबते, सुटते आणि सांध्यातल्या द्रवातून पोषण शोषते. आजार उसळला असेल तेव्हा दुखऱ्या सांध्याला आराम द्यावा. सोसेल इतपत हलकी हालचाल आणि सांधा न हलवता स्नायू आवळून सोडण्याचे व्यायाम पुरेत. उसळी ओसरली की चालणं, मग ताकदीचे व्यायाम, असं टप्प्याटप्प्याने वाढवावं.

गैरसमज: छाती दुखतेय, तेल लावून चोळा.
वस्तुस्थिती: बरगड्या छातीच्या मधल्या हाडाला कूर्चेने जोडलेल्या असतात. तिथे दाह असताना दाबून चोळलं की दुखणं वाढतं. मात्र छातीतलं प्रत्येक दुखणं बरगड्यांचं नसतं. या आजारात हृदयाच्या झडपाही बिघडू शकतात. म्हणून आधी तपासणी, मग फिजिओथेरपी.

गैरसमज: दम लागतो? कपालभाती करा.
वस्तुस्थिती: श्वासनलिका उघडी राहते ती कूर्चेच्या कड्यांमुळे. कडी मऊ पडली असतील तर जोराने श्वास सोडताना नलिका आतल्या आत मिटू शकते. अशा वेळी कपालभाती किंवा भस्त्रिका धोक्याची. फिजिओथेरपिस्ट नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करत सावकाश सोडायला शिकवतात. त्याने नलिकेत थोडा दाब टिकतो.

गैरसमज: व्यायाम जमला, आता गोळ्या कशाला?
वस्तुस्थिती: दाह औषधांनीच आटोक्यात येतो, व्यायामाने प्रतिकारशक्तीचा हल्ला थांबत नाही. स्टेरॉइड अचानक बंद करणं तर घातक ठरू शकतं. याच स्टेरॉइडने मांड्यांचे स्नायू दुबळे होतात, हाडं ठिसूळ होतात. जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागायला लागला, तर हे फिजिओथेरपिस्टला सांगावं. खुर्चीतून हात न टेकता उठण्या-बसण्याचा साधा सराव इथे कामी येतो.

आवाज बसला, श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज आला, डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा ऐकू कमी आलं, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टर गाठावा. फिजिओथेरपिस्टकडे पहिल्यांदा जाताना संधिवाततज्ज्ञांची चिठ्ठी आणि श्वासनलिकेच्या तपासणीचा रिपोर्ट सोबत असू द्यावा. कोणता व्यायाम द्यायचा आणि कोणता टाळायचा, हे त्यावरूनच ठरतं.