पाण्याची झडती घेणारे बुडबुडे

नळाच्या पाण्याला कधी कधी क्लोरीनचा उग्र वास येतो. तेच पाणी उघड्या पातेल्यात रात्रभर ठेवले, तर सकाळी वास बराच कमी झालेला असतो. काही पदार्थांना पाण्यापेक्षा हवेची ओढ अधिक असते. या साध्या गोष्टीवर पाणी तपासण्याची एक महत्त्वाची पद्धत उभी आहे.

१९७४ साली रॉटरडॅमच्या पाणीपुरवठा विभागातील रसायनशास्त्रज्ञ योहानेस रोक यांनी एक अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवून दिली. नदीच्या पाण्यात कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेली द्रव्ये असतात. जंतू मारण्यासाठी घातलेला क्लोरीन त्यांच्याशी संयोग पावतो आणि क्लोरोफॉर्म व त्याची भावंडे तयार होतात. ज्या क्लोरीनने कॉलरा आणि विषमज्वराला आवर घातला, त्याचीच ही दुसरी बाजू! मग प्रश्न उरला तो मोजमापाचा. लिटरभर पाण्यात ग्रॅमचा दहा-वीस लाखांश भाग असलेला पदार्थ पकडायचा कसा?

बंद बाटलीत पाण्याइतकीच हवा ठेवली, तर क्लोरोफॉर्मचा साधारण आठवा हिस्साच हवेत येतो आणि मग देवाणघेवाण समतोल होऊन थांबते. हा समतोल साधूच द्यायचा नाही, अशी युक्ती अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतील बेलर आणि लिक्टेनबर्ग यांनी त्याच वर्षी मांडली. पाण्यातून शुद्ध, निष्क्रिय वायूचे बुडबुडे सोडायचे. प्रत्येक बुडबुडा रिकाम्या हाताने येतो आणि वर जाता जाता आपला वाटा घेऊन निघून जातो. मागून पुन्हा नवा, कोरा बुडबुडा! बुडबुडे बारीक हवेत, कारण तेवढ्याच वायूला पाण्याशी लागणारा पृष्ठभाग मग कितीतरी वाढतो.

पुढे रूढ झालेल्या प्रमाणित पद्धतीत ५ मिलिलिटर पाण्यातून मिनिटाला ४० मिलिलिटर वेगाने ११ मिनिटे हेलियम सोडतात. म्हणजे पाण्याच्या ८८ पट वायू. तो बाहेर पडताना टेनॅक्ससारख्या शोषक पदार्थाने भरलेल्या नळीतून जातो. वाफा तिथे अडकतात, हेलियम पुढे जातो. मग नळी एकदम सुमारे १८० अंश सेल्सियसपर्यंत तापवली की अडकलेला ऐवज एका झटक्यात सुटतो. वायुवर्णलेखन यंत्र त्यातील घटक वेगळे करून मोजते.

गंमत अशी, की नमुना भरताना मात्र बाटलीत एकही बुडबुडा राहू द्यायचा नसतो. राहिलाच, तर पदार्थ वाटेतच त्याच्यात पळतो आणि प्रयोगशाळेत पाणी आहे त्यापेक्षा निर्दोष ठरते.

या पद्धतीची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. आर्सेनिक, फ्लोराइड किंवा नायट्रेट बुडबुड्यांबरोबर वर येत नाहीत. त्यांच्यासाठी निराळ्या चाचण्या लागतात. एकाच चाचणीच्या अहवालावरून पाणी सर्वस्वी शुद्ध म्हणता येत नाही.

मोजता आले, म्हणून मर्यादा घालता आली. अमेरिकेने १९७९ मध्ये या संयुगांच्या गटासाठी लिटरमागे १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा ठरवली आणि १९९८ मध्ये ती ८० वर आणली. क्लोरीन बंद झाला नाही. तसे करणे साथींना आमंत्रण ठरले असते. क्लोरीन घालण्याआधीच पाण्यातील सेंद्रिय गाळ अधिक काढण्यावर भर आला. भीती आणि बेफिकिरी यांमधला हा शहाणा मार्ग सापडण्यात त्या बुडबुड्यांचा वाटा मोठा आहे.