वनौषधींची आशा नेमकी कुठे आहे?

नंदुरबारमध्ये १९२५ साली जन्मलेल्या मनसुख वाणी यांचं नाव महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक आहे. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते पुढे अमेरिकेला गेले आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर झाडांच्या खोडा-सालींतून कॅन्सरवर चालतील अशी द्रव्यं शोधत राहिले. १९६६ मध्ये त्यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केल्याचं जाहीर केलं आणि १९७१ मध्ये पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतल्या टॅक्सॉलची रचना प्रसिद्ध केली. आज स्तनाच्या, अंडाशयाच्या, फुप्फुसाच्या, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर दिल्या जाणाऱ्या केमोथेरपीतली अनेक औषधं या दोन द्रव्यांच्या घराण्यातली आहेत.

वाणींच्या कामाची आठवण अशासाठी, की वनौषधींबद्दल आपल्याकडे दोनच मतं मोठ्याने बोलली जातात. काहींना सगळा झाडपाला ही भोळी समजूत वाटते. काहींना निसर्गातलं जे जे आहे ते सगळं निर्धोक आणि गुणकारी वाटतं. दोन्ही मतांची किंमत शेवटी आजारी माणूस मोजतो, म्हणून त्यांच्याकडे एकदा नीट पाहायला हवं.

"डॉक्टर लोक झाडपाल्याला मानतच नाहीत"

सर्पगंधेची गोष्ट याला पुरेसं उत्तर आहे. वेडावर आणि निद्रानाशावर तिची मुळी देण्याची रीत बिहार-बंगालकडे जुनीच होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती मानसिक आजारांवर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी पडते असं लिहिलं. पण जगाने तिची दखल घेतली ती मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. के. ई. एम. रुग्णालयात काम करणाऱ्या या हृदयरोगतज्ज्ञाने उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना मुळीच्या गोळ्या दिल्या, औषधाआधीचा आणि नंतरचा रक्तदाब मोजला, त्रास कोणाला काय झाला तेही नोंदवलं आणि १९४९ मध्ये हे सगळं 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापलं. तोवर रक्तदाबावर धड औषधच नव्हतं. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं रेसर्पिन वेगळं केलं आणि ते जगभर गेलं. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पुढची गोष्ट क्वचितच सांगितली जाते आणि मला तीच अधिक मोलाची वाटते. रेसर्पिनने नाक चोंदतं, सुस्ती येते, काही रुग्ण खिन्न होतात, हे ध्यानात आलं. अधिक चांगली औषधं आली, तसं ते मागे पडलं. मात्र ते मेंदूत नेमकं काय करतं हे शोधताना स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिनमुळे हालचाल थांबलेल्या सशांना लेव्होडोपा दिलं, आणि ते ससे पुन्हा हलूफिरू लागले. मेंदूतल्या डोपामिनचं काम तिथे उलगडलं. पार्किन्सन झालेल्या माणसाला आज जी मुख्य गोळी दिली जाते, तिची वाट या प्रयोगांतून गेली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. एखादी वनस्पती स्वतः औषध म्हणून टिकली नाही तरी ती किती दूरवर उजेड पाडते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

"औषध पानातच आहे ना, मग पानच खाऊ"

सदाफुलीची पानं-फुलं मधुमेहावर चावून खाणारे लोक आपल्या गावागावांत आहेत. जमैकातही याच समजुतीने तिचा काढा पीत. तिथून आलेली पानं १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांच्या हाती पडली. उंदरांना अर्क पाजून पाहिला, तर रक्तातली साखर हलली नाही. मग तो टोचून दिला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मेले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी ढासळल्या होत्या. पांढऱ्या पेशी कमी करणारं द्रव्य ल्युकेमियावर चालेल, हा विचार तिथून आला. व्हिन्ब्लास्टिन सापडलं, पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन आलं, आणि इतर औषधांच्या जोडीने त्याने मुलांच्या ल्युकेमियाचं चित्र पालटलं. जो आजार म्हणजे मृत्यूच समजला जाई, त्यातून श्रीमंत देशांत आता दहातली सुमारे नऊ मुलं वाचतात.

आता प्रमाण पाहा. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात, आणि रुग्णाला एका वेळी ते जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम दिलं जातं, तेही शिरेतून, रक्ताच्या तपासण्या करत. चार पानं चावून यातलं काहीच साधत नाही. ज्या द्रव्यांनी उंदरांच्या पांढऱ्या पेशी पाडल्या ती पानांतच असतात, एवढं मात्र चावणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

हिवतापावरचं आर्टेमिसिनिन असंच. चीनच्या तू योयो यांनी चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात वाचलं, की हे द्रव्य ज्यात असतं ती वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा. उकळायचा उल्लेख त्यात नव्हता. उष्णतेने द्रव्य नासत असेल असं ताडून त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं आणि १९७१ मध्ये गुण देणारा अर्क मिळाला. २०१५ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. म्हणजे जुन्या ग्रंथाने वाट दाखवली आणि ग्रंथातल्या एका ओळीचा अर्थ प्रयोगशाळेत लागला. पण त्याच वनस्पतीच्या पानांचा चहा हिवतापावर घेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना आज स्पष्ट सांगते. चहातून मात्रा पुरेशी आणि सारखी मिळत नाही, आणि अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो.

आपल्या सह्याद्रीतला नरक्या याच रांगेतला. वाणींनी चिनी वृक्षात शोधलेलं कॅम्प्टोथेसिन या झाडातही भरपूर आहे, हे टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवलं. त्यानंतर कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांत नरक्यावर कुऱ्हाड पडू लागली आणि त्याची चोरटी वाहतूक अजून बातम्यांत येते. पण कोणी "कॅन्सरवरचं झाड" म्हणून नरक्याचं लाकूड उकळून प्यायला दिलं, तर ते हातात घेऊ नये. शुद्ध कॅम्प्टोथेसिनचा क्षार जेव्हा पहिल्यांदा रुग्णांना दिला गेला, तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव होण्याइतके दुष्परिणाम झाले आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूत बदल करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही वापरण्याजोगी औषधं अमेरिकेत मंजूर व्हायला १९९६ उजाडलं. शोधापासून तीस वर्षं.

"हजारो वर्षांचा अनुभव आहे, अपाय होणार कसा?"

परंपरेच्या अनुभवाला मी हलकं लेखत नाही. ओकारी, जुलाब, चक्कर असा लगेच होणारा त्रास परंपरेने बारकाईने टिपलेला आहे. पण आज खाल्लेल्या मुळीने दहा-वीस वर्षांनी मूत्रपिंड निकामी झालं किंवा मूत्रमार्गात कॅन्सर झाला, तर तो धागा एका वैद्याच्या आयुष्यात जुळणं अवघड. ॲरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पती युरोपात आणि चीनमध्ये शतकानुशतकं वापरात होत्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्यासाठी चिनी वनौषधी घेणाऱ्या स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा या कुळातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाचा दोष उघड झाला.

गुळवेलीचं प्रकरण तर आपल्या घरातलं. शारदिनी डहाणूकर यांच्या सहकाऱ्यांनी के. ई. एम.मध्ये गुळवेलीवर गांभीर्याने काम केलं. पित्तनलिका अडून कावीळ झालेल्या, शस्त्रक्रियेला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास लहान होता, पण आशादायक होता. ते काम नेमक्या आजारात, नेमक्या मात्रेत, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर झालेलं. कोविडच्या काळात मात्र धडधाकट माणसं महिनोन्‌महिने रोज गुळवेलीचा काढा पिऊ लागली. २०२० च्या अखेरीस मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले, आणि मग देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते, तशा धाटणीची ही इजा होती. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मानला नाही आणि तशीच दिसणारी दुसरी जात वापरली गेली असेल, असं म्हटलं. तसं असलं तरी बाजारातून आणलेली वेल नेमकी कोणती, हे घरी कुणालाच ओळखता येत नाही, हा धोका उरतोच. ज्यांना थायरॉइडचा किंवा संधिवाताचा स्वप्रतिकाराचा आजार आहे, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊच नये.

"आयुर्वेदाला आधुनिक चाचणी लावताच येत नाही"

प्रत्येक रुग्णाची प्रकृती वेगळी, उपचार वेगळा, मग तुलना कशी करणार, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर कोइमतूरच्या वैद्यांनी आणि अमेरिकेच्या डॅनियल फर्स्ट यांनी दिलं. आमवाताच्या ४३ रुग्णांवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वैद्यांनी प्रत्येकाला त्याच्या प्रकृतीनुसार औषध दिलं, आणि तरीही आपल्याला आयुर्वेदिक औषध मिळतंय की मेथोट्रेक्सेट हे आधुनिक, हे रुग्णाला कळू दिलं नाही. गट लहान होते, म्हणून त्यावरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही. पण अशी चाचणी घेता येते, हे सिद्ध झालं.

पुण्यातल्या डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांचं काम त्याच्या पुढचं. गुडघ्याच्या झिजेचे ४४० रुग्ण, २४ आठवडे, कोण काय घेतंय हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. सुंठ, गुळवेल, आवळा आणि सालईचा डिंक यांचा कल्प एकीकडे, आणि ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब दुसरीकडे. दुखणं आणि हालचाल या बाबतींत आयुर्वेदिक कल्प त्यांच्या बरोबरीचा ठरला. त्याच चाचणीत आयुर्वेदिक गटातल्या काही रुग्णांचं यकृताच्या तपासणीतलं एसजीपीटी वाढलेलंही दिसलं, औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झालं, आणि २०१३ च्या शोधनिबंधात संशोधकांनी तेही लिहिलं. मला या अभ्यासाचा अभिमान वाटतो, तो याच दुसऱ्या नोंदीमुळे. जे औषध बरोबरीचा गुण देतं आणि ज्याचा अपायही मोजलेला आहे, तेच डॉक्टर निर्धास्तपणे लिहून देऊ शकतो.

"हळदीने कॅन्सर बरा होतो, सिद्ध झालंय"

प्रयोगशाळेतल्या बशीत कर्क्युमिनने कॅन्सरच्या पेशी मरतात, एवढं खरं. बशीत पेशी मारणारी द्रव्यं असंख्य आहेत. हळदीत कर्क्युमिन वजनाच्या साधारण तीन टक्के, आणि पोटात गेल्यावर त्यातलं फारच थोडं रक्तात पोहोचतं. ते वाढवण्यासाठी मिरीतल्या पायपरीनबरोबर विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतली हळद खुशाल खावी. केमोथेरपी सोडून हळदीच्या भरवशावर राहिलेल्या माणसाचा गेलेला वेळ मात्र परत मिळत नाही.

"जे सापडायचं ते सापडून झालं"

पावसाळ्यात घाटात लाल-पिवळी पेटल्यासारखी फुलणारी कळलावी पाहा. तिच्यात कोल्चिसिन असतं. तिचा कंद खाऊन माणसं दगावली आहेत, इतकं ते विषारी. गाउटच्या दुखण्यावरचं हे जुनं औषध गेल्या काही वर्षांत हृदयरोगाकडे वळलं. धमन्यांतल्या दाहामुळेही झटका येतो, या विचाराने रोज अर्धा मिलिग्रॅम देऊन पाहिलं गेलं. २०१९ मध्ये ४,७४५ रुग्णांच्या आणि २०२० मध्ये ५,५२२ रुग्णांच्या चाचणीत झटके आणि तत्सम घटना कमी झाल्या. २०२३ मध्ये अमेरिकेत या उपयोगासाठी मंजुरी मिळाली. मग २०२४ मध्ये नुकताच झटका आलेल्या ७,०६२ रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसलाच नाही. आता कोणत्या रुग्णाला, झटक्यानंतर किती काळाने ते द्यावं, यावर वाद चालू आहे. हा वाद मला आश्वासक वाटतो, कारण तो हजारो रुग्णांच्या नोंदी समोर ठेवून चालला आहे.

भारतातही दार उघडं आहे. २०१५ पासून औषध नियमांत वनस्पतीजन्य शुद्ध अर्कांसाठी वेगळा वर्ग आहे. त्यात वनस्पतीतला एकच रेणू वेगळा काढावा लागत नाही, पण अर्कातली मुख्य द्रव्यं मोजावी लागतात आणि माणसांवरच्या चाचण्या द्याव्या लागतात.

अशी तपासलेली औषधं हाती येईपर्यंत घरात काढा, चूर्ण, आसव, जे काही चालू असेल, ते डॉक्टरांना नावानिशी सांगावं, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञालाही. घेतल्यानंतर लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली किंवा भूक मेली, तर औषध त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करावी आणि उरलेली पुडी किंवा बाटली फेकून न देता बरोबर न्यावी. त्रासाची नोंद करायला राष्ट्रीय औषधसुरक्षा कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे, आणि रुग्ण स्वतःही तिथे फोन करू शकतो.