गुन्हा मोसुलात, खटला मुंबईत

ऑगस्ट २०१४ मध्ये कल्याणच्या एका कुटुंबाला निरोप आला, की तुमचा मुलगा इराकमध्ये मारला गेला. मृतदेह समोर नसताना पढतात ती जनाज्याची नमाजही घरच्यांनी पढून घेतली. नोव्हेंबरमध्ये त्याच मुलाचा फोन आला. तो तुर्कस्तानात होता आणि त्याला घरी यायचं होतं. २८ नोव्हेंबरला तो मुंबईत उतरला आणि राष्ट्रीय तपास यंत्रणेनं, म्हणजे एनआयएनं, त्याला अटक केली.

त्या वर्षी मे महिन्यात कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर इराकला गेले होते. बगदादमध्ये त्यांनी जथ्याला गुंगारा दिला, मोसुल गाठलं आणि ‘इस्लामिक स्टेट’मध्ये भरती झाले, असा यंत्रणेचा आरोप. चौघांपैकी परत आला तो हा एकटा, अभियांत्रिकीचा विद्यार्थी. परदेशातल्या दहशतवादी संघटनेत गेलेल्या नागरिकावर मायदेशी खटला चालवायचा म्हणजे काय, हे भारतीय न्यायव्यवस्था या प्रकरणापासून नीट शिकू लागली, असं म्हणायला हरकत नाही. शिकवणी बरीच महागात पडली, हेही खरं.

कायद्याची वानवा नव्हती. यूएपीए हा बेकायदा कारवायांविरोधी कायदा भारतीय नागरिकाची पाठ परदेशातही सोडत नाही. शिवाय १८६० च्या भारतीय दंडविधानात कलम १२५ होतं. भारत सरकारशी सलोखा असलेल्या ‘आशियाई सत्ते’विरुद्ध युद्ध पुकारणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा, असं ते कलम. राणीच्या राज्यात शेजारच्या संस्थानिकांशी कुणी परस्पर भांडण उकरून काढू नये, अशा काळजीतून आलेलं हे कलम दीडशे वर्षं जवळपास धूळ खात पडलं होतं. ते इराकमधल्या लढाईसाठी बाहेर काढलं गेलं. नव्या न्याय संहितेत आता ‘आशियाई’ ही अटही उरलेली नाही. ‘इस्लामिक स्टेट’चं नाव भारताच्या बंदी यादीत स्वतंत्रपणे आलं ते मात्र फेब्रुवारी २०१५ मध्ये, म्हणजे कल्याणचे तरुण निघून गेल्यावर नऊ महिन्यांनी. बचावाच्या वकिलाला असा मुद्दा आयताच मिळतो.

खरी अडचण पुराव्याची. गुन्हा घडला असेल तर तो मोसुलात, आणि मोसुल जुलै २०१७ पर्यंत त्याच संघटनेच्या ताब्यात होतं. परदेशातला पुरावा मिळवण्यासाठी आपलं न्यायालय तिथल्या न्यायालयाला विनंतीपत्र पाठवतं. तिथं पत्र घ्यायला कोण बसलं होतं? पंचनामा नाही, पंच नाहीत, शेजारीपाजारी नाहीत. उरतं काय, तर ईमेल, समाजमाध्यमांवरचे संदेश, विमानाची तिकिटं आणि आरोपीनं स्वतः सांगितलेली हकिकत. पण पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब यूएपीएखाली पुरावा ठरत नाही. ‘टाडा’ आणि ‘पोटा’ या जुन्या दहशतवादविरोधी कायद्यांमध्ये ती सोय होती. तिचा गैरवापर पाहता ती गेली ते बरंच झालं.

कल्याणच्या खटल्यात साक्षीदारामागून साक्षीदार येत राहिले आणि वर्षं सरत गेली. मार्च २०२० मध्ये विशेष न्यायालयानं जामीन दिला, एनआयए अपिलात गेली. उच्च न्यायालयात आरोपीनं वकील न लावता स्वतःच युक्तिवाद केला. २३ फेब्रुवारी २०२१ चा निकाल वाचण्यासारखा आहे. आरोपांत प्रथमदर्शनी तथ्य नाही, हे खालच्या न्यायालयाचं मत उच्च न्यायालयानं चुकीचं ठरवलं. जामीन मात्र कायम ठेवला, कारण सहा वर्षं उलटूनही खटला संपायचं चिन्ह नव्हतं. तीनच आठवड्यांपूर्वी सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका वेगळ्याच खटल्यात सांगितलं होतं, की यूएपीएची जामिनाची अट कितीही कडक असली तरी लवकर खटला चालण्याचा घटनादत्त हक्क तिच्याखाली चिरडता येत नाही. थोडक्यात, कल्याणचा तरुण लढला की नाही यावर निर्णय झालाच नाही. निर्णय झाला तो कॅलेंडरवर.

मालाडच्या मालवणीतल्या ‘इस्लामिक स्टेट’च्याच खटल्याचं वळण आणखी बोलकं आहे. त्यातल्या दोघा आरोपींनी गुन्हा कबूल केला आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली. अटक २०१६ ची, म्हणजे बहुतेक शिक्षा आधीच भोगून झालेली. बाकीचा हिशेब तुरुंगातला कच्चा कैदीही तोंडी करतो.

सरकार पक्षाला यश आलंच नाही असं नाही. केरळचा एक जण २०१५ मध्ये तुर्कस्तानमार्गे इराकला जाऊन काही महिन्यांत परतला. सप्टेंबर २०२० मध्ये कोचीच्या विशेष न्यायालयानं त्याला जन्मठेप सुनावली, त्याच कलम १२५ खालीही दोषी धरून. पॅरिस हल्ल्याचा तपास करणारे फ्रेंच अधिकारी त्याआधीच केरळच्या तुरुंगात येऊन त्याच्याशी बोलून गेले होते.

जर्मनीनं वेगळी वाट धरली. ‘इस्लामिक स्टेट’मधून परतलेली एक जर्मन महिला २०१८ मध्ये पुन्हा सीरियाकडे निघाली. तिला घेऊन जाणारा चालक तपास यंत्रणांशी संधान बांधून होता आणि गाडीत ध्वनिमुद्रण चालू होतं. गप्पांच्या ओघात ती फल्लुजातल्या आपल्या घराबद्दल बोलली. गुलाम म्हणून ठेवलेली पाच वर्षांची याझिदी मुलगी तिथं उन्हात बांधून ठेवल्यानं तहानेनं मेली होती. पुढं त्या मुलीची आई हयात सापडली आणि म्युनिकच्या न्यायालयात दिवसच्या दिवस साक्ष देत राहिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या जर्मन महिलेला दहा वर्षांची शिक्षा झाली आणि नंतर ती चौदा वर्षांपर्यंत वाढली. नुसत्या सदस्यत्वावर न थांबता तिथं कुणावर काय अत्याचार झाला हे शोधलं, तर खटल्याला माणसाचा चेहरा येतो. आपल्याकडच्या आरोपपत्रांत तो फारसा दिसत नाही.

ब्रिटननं खटल्याची कटकटच टाळली. शाळकरी वयात, पंधराव्या वर्षी सीरियाला गेलेल्या शमिमा बेगमचं नागरिकत्व २०१९ मध्ये काढून घेतलं. जन्मानं भारतीय असलेल्याचं नागरिकत्व असं काढून घेण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. तरी माणसाला बाहेरच ठेवता येतं. केरळमधून नवऱ्यांबरोबर अफगाणिस्तानात गेलेल्या चार महिला २०१९ पासून काबूलच्या तुरुंगात होत्या. त्यांच्यावरचा गुन्हा इथं नोंदलेला, पण सरकार त्यांना आणायला राजी नव्हतं. एकीच्या वडिलांनी मुलीसाठी आणि नातीसाठी सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. मुलीवर खटला इथंच चालवा, असं त्यांचं म्हणणं होतं. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयानं केंद्राला आठ आठवड्यांत काय ते ठरवायला सांगितलं आणि तो निर्णय पटला नाही तर केरळ उच्च न्यायालयात जाण्याची मुभा वडिलांना दिली.