अमक्याचे दान

आमच्या घरात भंडाऱ्याचा एक जुना पितळी गुंड आहे. काठाखाली टिंबाटिंबांनी नाव घातलंय. छिन्नीचं टोक ठेवायचं, हातोडीचा हलका ठोका द्यायचा, टिंबाला टिंब जोडत अक्षर उठवायचं. देणाऱ्याचं नाव, गाव आणि शेवटी ‘सप्रेम भेट’.

याच भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठी पवनी आहे. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केलं. निघाला दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप. त्याच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात, दान देणाऱ्यांची नावं कोरलेली. साचा एकच: अमक्याचे दान.

हाच साचा भारहुतच्या स्तूपावर आहे, आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपावर आहे. सांचीला तर असे सहाशेहून अधिक लेख आहेत. त्यात भिक्खुणी आहेत, व्यापारी आहेत, विदिशेचे हस्तिदंत कोरणारे कारागीरही आहेत. छापखाना नाही, टपाल नाही, आणि तरी शेकडो कोसांवर तेच वाक्य!

हे कसं घडलं असेल? मला वाटतं, किमया त्या वाक्यातच आहे. भाविक प्रदक्षिणा घालणार तो कठड्याच्या आतून, म्हणजे नावं पुढ्यातच. वाचता येणारे थोडे असतील, पण वाचून दाखवणारा एक पुरे. ऐकणाऱ्याला कळतं, आपल्यासारख्या माणसानंही दगड दिलाय. मग तोही देतो, आणि त्याचं नाव पुढच्याला बोलावतं. प्रत्येक दान पुढच्या दानाचं आवतण! माणसामाणसांत नकलेनं पसरणाऱ्या अशा कल्पनेला रिचर्ड डॉकिन्सनं 1976 मध्ये ‘मीम’ हे नाव दिलं.

कल्पना आपली जुनी खोडही सोबत नेते. स्तूपाचा कठडा नीट पाहा. उभ्या खांबांना खाचा, त्यांत आडव्या पट्ट्या बसवलेल्या. हे सुताराचं काम, लाकडी कुंपणाचं. दगडाला त्या सांध्यांची गरज नव्हती. लाकूड गेलं, सुताराचा हात तेवढा दगडात राहिला.

पवनीच्या शिळेपासून आमच्या गुंडापर्यंत थेट धागा आहे, असं मी म्हणणार नाही. मधे किती राज्यं, किती भाषा होऊन गेल्या. पण देणाऱ्याचं नाव वस्तूवर राहावं, ही ओढ दोन्हीकडे तीच आहे.

चिंच-राखेनं घासून घासून गुंडावरची टिंबं आता पुसट झालीत. डोळ्यांना नाव दिसत नाही. बोट फिरवलं की लागतं.