शालेय बँडपथक, संचालकाचे हस्तसंकेत आणि शरीर-हालचालींचे प्रशिक्षण

प्रस्तावना

प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन आणि १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन या प्रसंगी भोकर तालुक्यासह मराठवाड्यात ध्वजवंदन होते. ज्या शाळेत बँडपथक असते, तेथे संचलनाची लय त्या पथकाच्या हाती असते. पथकातील विद्यार्थ्यांकडून वादनाचा सराव करून घेतला जातो. मात्र संचालकाच्या हाताचा अर्थ लावण्याचे शिक्षण बहुधा मागे पडते. मग विद्यार्थी शेजारच्या ढोलाचा आधार घेतात आणि ढोल चुकला की सारे पथक चुकते. हे संकेत शरीराच्या हालचालींतून कसे शिकविता येतील, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकेताचे स्वरूप

दोन मात्रांच्या संचलनगीतात संचालकाचा हात पहिल्या मात्रेस खाली व दुसरीस वर जातो. चार मात्रांत उजवा हात अनुक्रमे खाली, डावीकडे, उजवीकडे व वर फिरतो. हा आराखडा फळ्यावर काढून दाखविता येतो. परंतु संकेताचे मर्म मात्रेपूर्वीच्या हालचालीत, म्हणजेच पूर्वसंकेतात असते. त्याच्या वेगातून लय, आकारातून नादाची तीव्रता आणि धारेतून आघाताचे स्वरूप कळते. बिगूलवादकाला श्वासही त्याच क्षणी घ्यावा लागतो. हात खाली पोहोचल्यावर जो वाजवू लागतो, तो उशिराच वाजवितो.

सैद्धांतिक आधार

स्विस संगीतशिक्षक एमिल जाक-दालक्रोझ (१८६५–१९५०) जिनिव्हा येथील संगीत विद्यालयात शिकवीत होते. कागदावरील स्वरशास्त्र जाणणाऱ्या विद्यार्थ्यांनाही लयीची शारीरिक जाणीव नसते, असे त्यांना आढळले. त्यामुळे चालणे व हात हलविणे यांवर आधारलेली शिक्षणपद्धती त्यांनी विकसित केली. रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) यांनी हालचालीचे भार, काळ, अवकाश आणि प्रवाह या चार घटकांत विश्लेषण केले. ठोसा आणि तरंगणे यांतील भेद या घटकांनी स्पष्ट होतो. जोरकस व हळुवार हस्तसंकेतांतील भेदही तोच होय.

स्थानिक परंपरेतील साधने

हिंदुस्थानी संगीतात ताल हातावर देण्याची रीत आहे. सोळा मात्रांच्या तीनतालात पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी, तर नवव्या मात्रेवर खाली दाखविली जाते. मात्र ही क्रिया मात्रेचे स्थान दाखविते. पुढील मात्रा कशी वाजवावी हे सांगणे तिचे कार्य नव्हे. ही उणीव लेझीम भरून काढू शकते. झंकार नेमक्या मात्रेवर यावयाचा असेल तर हाताची हालचाल त्याआधीच सुरू करावी लागते. म्हणजेच लेझीम खेळणारा विद्यार्थी पूर्वसंकेत नकळत आत्मसात करीत असतो. वारकऱ्यांच्या पावलीत पाय, टाळ व कंठ एकाच लयीत बांधलेले असतात. शिक्षकाने या अनुभवाकडे केवळ विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावयाचे असते.

प्रत्यक्ष अध्यापन

प्रथम विद्यार्थ्यांनी वाद्याविना चालत, पावलागणिक मात्रा मोजावी. नंतर शिक्षकाने मुखाने काहीही न सांगता हाताची गती बदलावी व विद्यार्थ्यांनी त्यानुसार चाल बदलावी. तिसऱ्या टप्प्यात एकच संकेत जड, हलका, तुटक व सलग अशा चार प्रकारे देऊन त्यास टाळीने प्रतिसाद घ्यावा. अखेरीस प्रत्येक विद्यार्थ्याने आळीपाळीने संचालक व्हावे. स्वतःचा संकेत संदिग्ध असला की पथक विस्कळीत होते, हे त्यास तेथे अनुभवास येते. या सरावास वाद्य वा स्वरलिपी लागत नाही. त्यामुळे वाद्य वाट्यास न आलेले विद्यार्थीही यात सहभागी होऊ शकतात.

समारोप

हा सराव वादनाच्या सरावास पर्याय नव्हे. शिवाय शिक्षकाचाच हात अस्पष्ट असेल तर विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण निष्फळ ठरेल. म्हणून शारीरिक शिक्षण व संगीत या दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी तो एकत्र करणे इष्ट ठरते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने कलाशिक्षणास शालेय अभ्यासक्रमात महत्त्वाचे स्थान दिले. लेझीम आणि बँडपथक यांना परस्परपूरक मानल्यास त्या भूमिकेची अंमलबजावणी तालुक्याच्या शाळेतही अल्प खर्चात होऊ शकेल.