खोडदच्या तबकड्या आणि सीटी स्कॅन

सीटी स्कॅनला सगळे फोटो म्हणतात, पण त्या खोलीत फोटो कुणी काढतच नाही. यंत्र नुसत्या बेरजा मोजतं, चित्र मागाहून गणितातून उभं राहतं. हे गणित जुन्नर-आंबेगावला तसं परकं नाही. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ज्या जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसतात, त्यांचं कूळ तेच.

क्ष-किरण छातीतून आरपार जातो तेव्हा वाटेतल्या फुप्फुसाने, हाडाने, गाठीने मिळून त्याला किती अडवलं एवढाच एक आकडा पलीकडे पोचतो. कुणी किती अडवलं, ते कळत नाही. चार खणांची एक बंद पेटी घ्या. प्रत्येक खणात काही किलो टोमॅटो आहेत, पण सांगितल्यात फक्त बेरजा: वरची ओळ 3, खालची 12, डावा रकाना 8, उजवा 7. वर 1 आणि 2, खाली 7 आणि 5 ठेवून पाहा, जमतं. पण वर 0 आणि 3, खाली 8 आणि 4 ठेवले तरी जमतं! आता तिरकी बेरीजही सांगितली, वरचा डावा आणि खालचा उजवा मिळून 6, की दुसरं उत्तर बाद. सीटीची नळी रुग्णाभोवती गरगर फिरते ती या तिरक्या बेरजांसाठी. फक्त तिथे खण चार नसतात, एकेका कापात अडीच लाखांच्या वर असतात.

सीटीच्या आधी हे कोडं सूर्यासाठी सोडवलं गेलं होतं. तेव्हाच्या रेडिओ दुर्बिणींना सूर्यावरचा एकेक ठिपका दिसत नसे, एका पट्टीची बेरीज तेवढी मिळे. वेगवेगळ्या दिशांच्या पट्ट्यांवरून अख्खा सूर्य कसा मांडायचा, हे रोनाल्ड ब्रेसवेल यांनी 1956 साली दाखवलं. स्टॅनफर्डमध्ये त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केलेले गोविंद स्वरूप यांनी पुढे खोडदची दुर्बीण उभारली: 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, सुमारे 25 किलोमीटर परिसरात पसरलेल्या. लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी झाला 1 ऑक्टोबर 1971 रोजी. त्याच वर्षी जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी क्ष-किरणांसाठी या आकडेमोडीची सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली. तिच्यातली गाळणी आजही ‘राम-लक’ नावाने ओळखतात. आपल्याकडे हे फारसं कुणाला ठाऊक नसतं, याचं मला नवल वाटतं.

एमआरआयचं खोडदशी नातं आणखी जवळचं. रुग्णाला चुंबकात ठेवून शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजनला रेडिओलहरींनी छेडतात आणि तो जी लहर परत देतो ती टिपतात. 3 टेस्लाच्या यंत्रात ती साधारण 128 मेगाहर्ट्झची असते. या पट्ट्यात खोडदही ऐकतं. बाहेरचा रेडिओगोंगाट दोघांनाही नकोसा. म्हणून एमआरआयची खोली धातूच्या पत्र्याने मढवतात. मऊ भागांचे बारकावे एमआरआय चांगले दाखवतो: जिभेतली गाठ किती खोल गेली, गर्भाशयमुखाची गाठ शेजारी सरकली का. जबड्याचं हाड पोखरलंय का, ते पाहायला सीटी सोयीचा.

पेट स्कॅनचा प्रश्न निराळा: पेशी साखर किती खातात? किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात, सुमारे तासभर शांत पडून राहायला सांगतात आणि मग ती कुठे साठली ते मोजतात. त्याआधी काही तास उपाशी राहावं लागतं. मधुमेह असेल तर आधीच सांगावं. हे फ्लोरिन 110 मिनिटांत निम्मं होतं, पावणेचार तासांत पाव. ते साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे जुन्नरहून निघणाऱ्याने त्या दिवशी वेळेच्या बाबतीत एसटीच्या भरवशावर राहू नये.

कॅन्सरची ‘स्टेज’ ठरते ती या सगळ्या तपासण्यांवरून मिळून. मूळ गाठ किती मोठी किंवा किती आत गेलेली, आजूबाजूच्या लसिका ग्रंथींत पोचली का, यकृत-फुप्फुस-हाडांत दूर गेली का, हे तीन प्रश्न. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची स्टेज पूर्वी मुख्यतः हाताने तपासून ठरे. 2018 पासून स्कॅनमध्ये दिसलेल्या ग्रंथीही जमेस धरतात. गाठ लहान असली तरी ओटीपोटातल्या ग्रंथीत कॅन्सर असेल, तर स्टेज तिसरी.

मात्र साखर साठून पेटवर काही चमकलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. मेंदू आणि मूत्राशय एरवीही चमकतात, क्षयाच्या ग्रंथीही चमकतात, आणि क्षय आपल्याकडे काही दुर्मीळ नाही. निदान पक्कं होतं ते गाठीचा तुकडा तपासूनच. ‘सुई लावली की पसरतो’ या समजुतीपायी ही तपासणी टाळणाऱ्यांचे महिने मात्र वाया जातात. पुण्या-मुंबईला दाखवायला जाताना फिल्मबरोबर सीडीही मागून घ्यावी. फिल्मवर निवडक काप छापलेले असतात, सीडीवर सगळे, आणि गाठीचं माप डॉक्टर त्यावर पुन्हा घेऊ शकतात.